सरस कीबोर्डची पीछेहाट

तुमच्या संगणकात मराठीचा एक कीबोर्ड फुकट पडून आहे. त्याचं नाव इनस्क्रिप्ट. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ मध्ये आणला, १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकातही जागा मिळाली. तरी आपल्यातले बरेच जण ‘मराठी’ लिहायला एम-ए-आर-ए-टी-एच-आय अशी सात रोमन अक्षरं बडवतात आणि पुढचं सॉफ्टवेअरवर सोपवतात. इनस्क्रिप्टवर हेच काम पाच कळा आणि एका शिफ्टमध्ये होतं.

मांडणी खरोखर हुशारीची आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. आपल्या भाषेत व्यंजनामागून सहसा स्वर येतो, त्यामुळे दोन्ही हात बरेचदा आळीपाळीने चालतात. क साध्या कळीवर, ख त्याच कळीवर शिफ्टसह; ग-घ, त-थ, प-फ यांचंही तसंच. जुन्या टाइपरायटरवर ‘कि’साठी वेलांटी आधी मारावी लागे, इथे उच्चाराप्रमाणे क आधी. शिवाय मराठीला सरावलेली बोटं गुजराती, बंगाली, कन्नडमध्येही चालतात, कारण क ची कळ सगळीकडे तीच.

मग घोडं अडलं कुठे? दुकानातून आणलेल्या कीबोर्डवर छापलेली असतात इंग्रजी अक्षरं. प शोधायला जावं तर तो एचवर, म सीवर. (क तेवढा के वर सापडतो, पण एवढ्यावर कोण भुलणार!) इंग्रजी टायपिंग आधीच हातात बसलेलं असतं. ते मोडून नवं शिकण्याचा त्रास आज, फायदा काही आठवड्यांनी. अशा सौद्यात माणूस सहसा आजचा त्रास टाळतो.

अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये क्वर्टी या नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डबद्दल असंच काहीसं मांडलं: एकदा सगळे एका वाटेला लागले की ड्वोरॅक यांनी बनवलेला सरस कीबोर्डसुद्धा मागे पडतो. १९९० मध्ये लिबोविट्झ आणि मार्गोलिस या अर्थतज्ज्ञांनी त्यावर बोट ठेवलं. ड्वोरॅक कीबोर्ड सरस असल्याचे पुरावेच कच्चे, आणि त्याची बाजू घेणाऱ्या अमेरिकी नौदलाच्या गाजलेल्या चाचणीशी खुद्द ड्वोरॅकसाहेबांचा संबंध! तेव्हा सरस कोणाच्या मापाने, हे आधी विचारावं. दिवसभर मराठी टाइप करणाऱ्याला इनस्क्रिप्टचा वेग कामाचा. वाढदिवसाच्या दोन ओळी पाठवणाऱ्याच्या तो वाट्यालाच येत नाही. त्याची निवड मला अडाणीपणाची वाटत नाही.

रोमन वाटेचा खर्च मात्र नजरेआड राहतो. टी-ए-एल लिहिलं तर ताल, तळ, ताळ की टाळ? दरवेळी यंत्राचा अंदाज तपासत बसायचं. शाळेतल्या संगणकाच्या तासाला चार दिवस इनस्क्रिप्टला दिले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे इनस्क्रिप्टचं भावंड, त्याच मानकातली इस्की ही भारतीय संकेतप्रणाली, मात्र जिंकलं. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीमधल्या देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. रोमनमधून लिहिलेला ‘मराठी’ हा शब्ददेखील फोनमध्ये साठतो तो याच युनिकोड संकेतांत. तिथे वापरणाऱ्याला काहीच शिकावं लागलं नाही; कंपन्यांनी ते परस्पर आत बसवून दिलं.