साधी सर्दी की आणखी काही?

आ...क् छी! वर्गात कुणी शिंकलं की बाई विचारतात, "काय रे, सर्दी झाली का?" उत्तर ठरलेलं, "साधीच आहे, बाई!" पण दोस्तांनो, ती साधीच आहे हे आपल्याला कळतं तरी कसं?

आधी एक गंमत ऐका. साधी सर्दीसुद्धा विषाणूंमुळेच होते. सर्दी करणारे विषाणू २०० हून जास्त आहेत! त्यांतला सगळ्यात नेहमीचा म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. कोरोना घराण्यातले चार विषाणूही कित्येक वर्षं माणसांना बहुतेक वेळा नुसती सर्दीच देत आले आहेत. मग २०१९ च्या अखेरीस त्याच घराण्यातला एक नवा विषाणू आला आणि त्यानं जगभर हाहाकार माजवला.

ओळखायचं कसं?

सर्दी हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग शिंका येतात, नाक गळतं. ताप आलाच तर थोडासा. आठ-दहा दिवसांत स्वारी पुन्हा मैदानावर!

फ्लू मात्र अचानक गाठतो. सकाळी खेळणारा मुलगा संध्याकाळी अंथरुणात! सणसणून ताप, थंडी, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि अंग नुसतं मोडून येतं.

कोरोना तर बहुरूपीच. कुणाला नुसती सर्दी, कुणाला ताप-खोकला, कुणाला धाप. कुणाला फुलाचा वासही येईनासा होतो. म्हणूनच पहिल्या दिवशी नुसतं बघून छातीठोकपणे सांगणं डॉक्टरांनाही अवघड जातं. मग करायचं काय? अंदाज सोडायचा आणि मोजायचं!

मोजणारं गाव

अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्हाला ठाऊक असेल. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या दुष्काळी गावानं पाणी अडवलं, जिरवलं. एवढंच नाही, तर दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा जमाखर्च मांडायचा आणि मग पिकं ठरवायची, ही सवय गावानं लावून घेतली.

२०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. तेव्हा अनेक ठिकाणी लोक भीतीनं आजार लपवत होते. 'तपासलं आणि निघाला तर? लोक काय म्हणतील?' असं म्हणत साध्या सर्दीच्या नावाखाली दिवस काढत. तोवर आजार घरभर पसरे आणि उपचारालाही उशीर होई.

हिवरे बाजारनं इथंही मोजायची सवय कामाला लावली. स्वयंसेवकांची पथकं घरोघरी गेली. कुणाला ताप आहे, कुणाचा ऑक्सिजन उतरलाय, हे यंत्रं लावून पाहिलं. शंका आली की चाचणी. कोरोना निघाला की त्या माणसाला वेगळं ठेवून उपचार. मेच्या मध्यापर्यंत गाव कोरोनामुक्त झालं! ३० मे रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याशी बोलताना या कामाचं कौतुक केलं. पाठोपाठ जूनमध्ये 'कोरोनामुक्त गाव' स्पर्धाही जाहीर झाली.

तुम्ही काय मोजाल?

ताप आला की थर्मामीटर लावा आणि आकडा तारखेसकट वहीत लिहा. घरात ऑक्सिमीटर असेल तर बोट घालून पाहा. ९५ ते १०० ठीक. ९४ किंवा कमी दिसलं, तर लगेच मोठ्यांना सांगा. घरात एक ते पाच वर्षांचं भावंड आजारी असेल, तर ते शांत असताना घड्याळ लावून त्याचे श्वास मोजा. मिनिटाला ४० किंवा जास्त भरले, तर दवाखाना गाठायलाच हवा.

आई-बाबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. ताप तीन दिवसांनंतरही हटला नाही, उतरून पुन्हा चढला किंवा मूल पाणी पिईनासं झालं, तर डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल गुंगीत असेल, तर क्षणभरही थांबू नका. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. उरलेल्या गोळ्या मनानं देऊ नका.

आणि दोस्तांनो, अंगात कणकण असेल तर परीक्षा असो की सहल, ती लपवू नका. घरी राहा, खोकताना रुमाल धरा, हात साबणानं धुवा. तुमची साधी सर्दी आजीला जड जाऊ शकते. म्हणून "काही नाही झालं" म्हणण्याआधी सरळ सांगा, "आई, जरा ताप बघ ना!"