छेद कोण मोजणार?

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये हल्ली जिकडे पाहावं तिकडे कोचिंगच्या पाट्या दिसतात. पायथन, मशीन लर्निंग, डेटा सायन्स, आणि सोबत नोकरीची हमी. या गावाला ही विद्या परकी नाही. माधव इन्स्टिट्यूट १९५७ पासून इंजिनिअर घडवते आहे. १९९७ मध्ये ट्रिपल आयटीएम आली. गजराराजा मेडिकल कॉलेज तर १९४६ चं. शेजारी संरक्षण संशोधनाची डीआरडीईसारखी प्रयोगशाळा, जिचं मूळ संस्थानी काळातल्या जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरीत आहे. संगणक आणि वैद्यक या दोन्ही विद्या ज्या गावात इतकी वर्षं शेजारी नांदल्या, तिथून आरोग्याचे आकडे नीट वाचणारी माणसं मोजकीच का निघावीत? मेडिकलच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि या प्रश्नाने मला कधी सोडलं नाही.

यंत्रांचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तो भराभर सांगतो. पंचकार्डं गेली. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६० साली टिफ्रॅक सुरू झाला, १९७६ मध्ये एनआयसी आली, १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० उभा केला. २००८ पासून एचएमआयएसवर जिल्ह्याजिल्ह्याची आरोग्यसेवा नोंदली जाऊ लागली, २०१२ पासून क्षयरोगी निक्षय पोर्टलवर आले. क्वांटमसाठी २०२३ मध्ये सहा हजार कोटींची राष्ट्रीय मोहीम मंजूर झाली. ती विज्ञानाला लखलाभ होवो, पण श्योपूरच्या तांड्यावर क्षय किती आहे हे कळायला आज तिची गरज नाही.

गरज आहे ती छेदाकडे पाहण्याची. इतके मृत्यू, इतके रुग्ण, इतके जन्म, हा झाला अंश. तो संगणक क्षणात देतो. पण कितींपैकी, कोणांपैकी, कुठल्या वयाच्या माणसांपैकी? २०१९ च्या नमुना नोंदणीत केरळचा ढोबळ मृत्युदर मध्य प्रदेशापेक्षा किंचित जास्त निघतो. म्हणून केरळ आजारी ठरत नाही. तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत, एवढंच. त्याच नोंदणीत हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात ६ होते आणि मध्य प्रदेशात ४६.

या बाबतीत माझे गुरू पांडुरंग वासुदेव सुखात्मे. प्रत्यक्ष त्यांच्या हाताखाली शिकण्याचं भाग्य नव्हतं, पण नमुना सर्वेक्षणावरचा त्यांचा १९५४ चा ग्रंथ मी उशाशी ठेवून वाचला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा हा माणूस लंडनला शिकला, देशात पीककापणीचे नमुना अंदाज रुजवले आणि पुढे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख झाला. निवृत्तीनंतर पुण्यात परतून त्यांनी जो वाद घातला, तो आजच्या प्रत्येक डेटावाल्याने अभ्यासावा. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यरेषा २२५० कॅलरींच्या सरासरी गरजेवर बेतली. सुखात्म्यांचं म्हणणं असं की सरासरी म्हणजे किमान नव्हे. दोन धडधाकट माणसांची गरज वेगळी असते आणि एकाच माणसाची आजची आणि पुढच्या आठवड्याची गरजही वेगळी असते. सगळा गाव निरोगी असला तरी त्यातले साधारण निम्मे लोक सरासरीच्या खालीच सापडणार. त्या सगळ्यांना उपाशी म्हणायचं का?

यावर काहींनी त्यांना भुकेचा वकील ठरवलं. तसं म्हणणारे आजही भेटतात, आणि त्यांनी सुखात्मे वाचलेले नसतात हे दुसऱ्याच वाक्यात कळतं. भूक नाही, असं ते म्हणत नव्हते. पोरं खंगतात त्यात घाण पाण्याचा, हगवणीचा, पुन्हापुन्हा होणाऱ्या संसर्गाचा मोठा हात आहे आणि नुसती प्रथिनं वाटून ते थांबणार नाही, असं ते सांगत होते. रेषा चुकीच्या जागी ओढली की खरे उपाशी त्या गर्दीत हरवतात. ही मांडणी करायला धैर्य लागतं. दांडेकरांसारख्या तोलामोलाच्या माणसाशी वर्षानुवर्षं सभ्यपणे भांडावं लागतं.

याच वाटेने गडचिरोलीत राणी आणि अभय बंग गेले. त्यांनी आधी गावांत जाऊन जन्म आणि मृत्यू मोजले. १९९५ ते ९८ या काळात ३९ गावांत बायकांना नवजात बाळाची घरगुती काळजी शिकवली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ च्या लॅन्सेटमध्ये मांडलं. हे छातीठोकपणे सांगता आलं, कारण हस्तक्षेप नसलेली तुलनेची गावंही तितक्याच काटेकोरपणे मोजली होती. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने तर महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंची सरकारी नोंद किती तोकडी आहे हे उघड केलं. यात महासंगणक कुठेच नव्हता. दारोदार फिरणारी माणसं होती.

आमच्या चंबळ खोऱ्याकडे वळतो. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली मुरैनात ८२९, ग्वाल्हेरात ८४०, भिंडमध्ये ८४३. हे आकडे लाखो मुलांचे आहेत, त्यांत शंकेला जागा नाही. सोनोग्राफीचं यंत्र या मातीत काय करून गेलं हे त्यांत लिहिलेलं आहे. पण त्यानंतर दरवर्षी जन्मांचे आकडे काढून ‘यंदा तीसने सुधारलं’ असे जे फलक लागतात, त्यांना माझा विरोध आहे. खरं प्रमाण ९५० असेल आणि जन्म दहा हजार असतील, तर नुसत्या योगायोगाने आकडा ९१० ते ९९० यांमध्ये कुठेही पडू शकतो. हजारच जन्म नोंदणाऱ्या तालुक्यात तर ही ओढाताण वर सव्वाशे, खाली सव्वाशे इतकी होते. अशा आकड्यावर कुणाचा सत्कार करू नये, कुणाला नोटीसही देऊ नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी आली तेव्हा देशात हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया झाल्याचा गजर झाला. ते सर्वेक्षण आदल्या रात्री घरात झोपलेली माणसं मोजतं. मुरारच्या छावणीतले, टेकनपूरच्या बीएसएफमधले, वसतिगृहांतले, सुरतेच्या गिरण्यांच्या खोल्यांत एकत्र राहणारे पुरुष त्यांच्या गावच्या घरात कुठून दिसणार? त्याच अहवालात जन्माच्या वेळचं प्रमाण ९२९ होतं. ते फार थोड्यांनी वाचलं.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. छातीचा एक्स-रे पाहून क्षयाची शंका सांगणारी सॉफ्टवेअरं आली आहेत, त्यांतलं एक मुंबईतच घडलं. मी त्यांच्या बाजूचा आहे. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या गावात ती मोलाची आहेत. पण हिशेब करून पाहा. समजा यंत्र शंभरातले नव्वद रुग्ण पकडतं आणि शंभर निरोग्यांतल्या पाचांवर चुकून बोट ठेवतं. लाखात ३०० क्षयरोगी असलेल्या वस्तीत ते २७० खरे आणि जवळपास पाच हजार खोटे रुग्ण दाखवेल, म्हणजे विसांत एक खरा. श्योपूरच्या सहरिया आदिवासींत एका अभ्यासात हे प्रमाण लाखाला १५१८ निघालं होतं. तिथे तेच यंत्र, तेच सॉफ्टवेअर लावलं तर पाचांत एक खरा निघेल. यंत्रात काहीच बदललं नाही, बदलला तो समोरचा समाज. कंपनी नव्वद टक्के अचूकतेची जाहिरात करते तेव्हा हा प्रश्न विचारणारा माणूस खरेदी समितीत बसलेला असावा. तो घडवणं हे सिटी सेंटरचं काम आहे.

‘आता इतका डेटा आहे की नमुना सर्वेक्षणांचे दिवस संपले’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. फोनवरच्या ॲपमध्ये फोन असलेलेच येतात. पोर्टलवर दवाखान्यात पोचलेलेच येतात. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांना डॉक्टरने लिहिलेलं कारण होतं. उरलेली माणसं कशाने गेली ते कुठल्याच सर्व्हरमध्ये नाही. कोविडच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाले असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मांडला, सरकारी कोविड नोंद पाच लाखांच्या आत होती. भांडण पेटलं. मग २०२५ मध्ये २०२१ च्या नोंदणीचे आकडे प्रसिद्ध झाले: २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले होते, २०२१ मध्ये एक कोटी दोन लाख. ही वाढ सगळी कोविडची असं मी म्हणणार नाही, नोंदणीही सुधारत असते. पण हे वेगळं काढण्याचं काम विद्यापीठांनी जिल्ह्याजिल्ह्यात करायला हवं होतं. आमच्याकडे त्यावर एक शोधनिबंध लिहवून घ्यायचा म्हटलं तरी मुलं विचारत, याने प्लेसमेंट मिळेल का.

मिळते. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून हेच शिकवते. साथरोगशास्त्र, विमा, औषधांच्या चाचण्या, सगळीकडे अशी माणसं हवी आहेत. पायथन जरूर शिका, पण त्याआधी एखाद्या आशाताईबरोबर तिच्या वहीतली घरं फिरून या.

आणि सगळ्या छेदांचा छेद म्हणजे जनगणना. २०२१ ची झालीच नाही. जिल्ह्याचा लाखामागचा कुठलाही दर आज आपण २०११ वरून ओढून ताणून आणलेल्या लोकसंख्येवर काढतो. आता संदर्भाची तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. चंबळ पट्ट्यात तेव्हा मोहरीची काढणी चालू असते आणि सहरिया कुटुंबं मजुरीसाठी मुलाबाळांसकट बाहेर पडलेली असतात. त्यांच्या झोपड्यांना कुलूप दिसलं म्हणून प्रगणक पुढे गेला, तर लाखाला १५१८ मधला लाख पुढची दहा वर्षं चुकेल. श्योपूरमधल्या करहलच्या पाड्यांवरून कोणत्या टोळ्या कुठल्या शेतांवर जातात याची यादी या हिवाळ्यापासून करायला हवी, आणि ती करायला ग्वाल्हेरच्या कॉलेजांतली मुलं पुरेशी आहेत.