आठ आठवड्यांचा नियम आणि चार दिवसांचा चित्रपट

गेल्या वर्षी मार्च महिन्यातील एका मंगळवारी सायंकाळी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ पाहण्यासाठी मी एका मल्टिप्लेक्समध्ये गेलो, तेव्हा प्रेक्षागृहात मोजून अकरा माणसे होती. शेजारच्या पडद्यावर ‘छावा’ सुरू होता आणि तेथे तिकीट मिळत नव्हते. योगायोग असा की, विनीत कुमार सिंह हा गुणी अभिनेता त्या सायंकाळी दोन्ही पडद्यांवर होता. एका भिंतीपलीकडे तो कवी कलश म्हणून गर्दीची दाद घेत होता. अलीकडे मालेगावातील फरोग नावाचा, आपले नाव पडद्यावर झळकावे म्हणून तळमळणारा लेखक म्हणून रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलत होता. चित्रपट संपल्यावर आम्ही अकरा जण काही क्षण उठलोच नाही. शुक्रवारी वेळापत्रक पाहिले, तर त्या चित्रपटगृहात त्याचा एकही खेळ उरला नव्हता.

अलीकडच्या हिंदी चित्रपटांविषयी प्रेक्षक म्हणून माझी जी काही मते आहेत, त्यांची सुरुवात या अनुभवापासून होते. हिंदीत चांगले चित्रपट बनत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. ते बनतात, मात्र त्यांच्याविषयीचे मत एका प्रेक्षकाकडून दुसऱ्याकडे पोहोचण्यास जेवढा अवधी लागतो, तेवढा अवधी त्यांना पडद्यावर मिळत नाही. या उणिवेचे मूळ चित्रपटांच्या गुणवत्तेत कमी आणि प्रदर्शनाच्या आर्थिक रचनेत अधिक आहे.

ही रचना समजून घेण्यासाठी 2009 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी निर्माते आणि मल्टिप्लेक्स चालक यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून सुमारे दोन महिने संघर्ष झाला आणि नवे हिंदी चित्रपट या काळात मल्टिप्लेक्समध्ये आलेच नाहीत. अखेर जो तोडगा निघाला, त्यानुसार करवजा उत्पन्नातील निर्माता-वितरकांचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि चौथ्यात 30 टक्के असा उतरत्या क्रमाने ठरला. याचा अर्थ सरळ आहे. निर्मात्याच्या दृष्टीने पहिल्या आठवड्याचे तिकीट सर्वांत मोलाचे. त्यामुळे जाहिरातीचा सारा जोर पहिल्या तीन दिवसांवर एकवटतो, शक्य तितके पडदे एकाच शुक्रवारी व्यापले जातात आणि ‘ओपनिंग’ हा शब्द चित्रपटाच्या आशयापेक्षा मोठा होतो. तिकिटांची घाऊक खरेदी करून आकडा फुगवण्याच्या प्रकारांची चर्चाही व्यवसायात आता दबक्या आवाजात होत नाही, उघड होते.

दुसरी बाजू पडद्यांची. आपल्या देशात चित्रपटगृहांचे पडदे दहा हजारांच्या आत आहेत. चीनमध्ये ते ऐंशी हजारांहून अधिक. इतक्या मोठ्या लोकसंख्येच्या आणि इतक्या भाषांच्या देशात एवढेच पडदे असल्यावर प्रत्येक खेळासाठी झुंज लागणारच. पुढील शुक्रवारचे वेळापत्रक साधारणतः आठवड्याच्या मध्यावर ठरते. म्हणजे शुक्रवारी चित्रपट आला, शनिवारी-रविवारी काही मोजक्यांनी पाहिला, सोमवारी त्यांनी कार्यालयात सहकाऱ्यांना सांगितले आणि त्या सहकाऱ्यांनी येत्या रविवारचा बेत आखला, तोवर त्या रविवारचे खेळ दुसऱ्याच चित्रपटाला देऊन झालेले असतात. बोलबाला होऊन चालणाऱ्या चित्रपटासाठी ही व्यवस्थाच नव्हे.

प्रेक्षकही आता जपून पाऊल टाकतो, हे मान्य केले पाहिजे. देशातील सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीचा सरासरी तिकीटदर अडीचशे रुपयांच्या पुढे आहे. त्यात खाणेपिणे आणि जाण्या-येण्याचा खर्च मिळवला, तर चौघांच्या कुटुंबाला एक चित्रपट दीड-दोन हजारांना पडतो. इतके पैसे मोजण्यापूर्वी माणूस विचारणारच, ‘कसा आहे?’ पूर्वी पहिला खेळ पाहणाऱ्यांची एक जमात होती. ती आज मोठ्या ताऱ्यांच्या चित्रपटापुरती उरली आहे. राष्ट्रीय चित्रपट दिनी, 23 सप्टेंबर 2022 रोजी, तिकीट 75 रुपयांना मिळताच एका दिवसात सुमारे 65 लाख प्रेक्षक चित्रपटगृहांत आल्याचे मल्टिप्लेक्स संघटनेने सांगितले होते. सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. पण शहरी मल्टिप्लेक्सचा प्रेक्षक त्या शंभराच्या रेषेच्या कितीतरी वर आहे.

आता मुख्य मुद्दा. ओटीटीवर चित्रपट लगेच आला, तर चित्रपटगृहे ओस पडतील, या भीतीतून हिंदी चित्रपटांसाठी आठ आठवड्यांचे अंतर राखण्याचा नियम मल्टिप्लेक्स चालकांनी आग्रहाने धरला आहे. तीन चित्रपटांच्या तारखा मोजून पाहाव्यात. ‘लापता लेडीज’ 1 मार्च 2024 रोजी चित्रपटगृहांत आला आणि 26 एप्रिलला नेटफ्लिक्सवर. ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ 28 फेब्रुवारी 2025 रोजी आला आणि 25 एप्रिलला प्राईम व्हिडिओवर. नीरज घेवान यांचा ‘होमबाउंड’ 26 सप्टेंबर 2025 रोजी आला आणि 21 नोव्हेंबरला नेटफ्लिक्सवर. तिन्ही ठिकाणी बरोबर 56 दिवस, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

या छप्पन्न दिवसांत चित्रपट पडद्यावर किती दिवस होता? ‘लापता लेडीज’ने लोकांच्या शिफारशीवर काही आठवडे तग धरला. किरण राव यांची ती मिश्कील, मायाळू कथा घुंघटाआड अदलाबदल झालेल्या दोन नववधूंची. ती घरोघरी बोलली गेली आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही पाठवली गेली. इतर दोघांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. कान महोत्सवात गौरवाने दाखवला गेलेला आणि पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड ठरलेला ‘होमबाउंड’ मुळात मोजक्याच पडद्यांवर लागला. अनेक गावांत तो आलाच नाही. जेथे आला, तेथे गैरसोयीच्या वेळी. म्हणजे पहिला-दुसरा आठवडा सरल्यावर चित्रपट चित्रपटगृहात नाही, आणि नियमामुळे घरच्या पडद्यावरही नाही. उरलेला दीड महिना त्याने अज्ञातवासात काढायचा. नेमक्या याच काळात त्याच्याविषयी सर्वाधिक बोलले जाते. चित्रपटगृहांच्या रक्षणासाठी केलेल्या या नियमाने, ज्याला चित्रपटगृहात यायचे आहे त्या प्रेक्षकाचीच वाट अडवली जाते.

नियम अगदी अभेद्य आहे, असेही नाही. मे 2025 मध्ये सीमेवरील तणावाचे कारण देत ‘भूल चूक माफ’च्या निर्मात्यांनी चित्रपट थेट ओटीटीवर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अखेर 23 मे रोजी तो चित्रपटगृहांत आला आणि आठ नव्हे, दोनच आठवड्यांनी ओटीटीवर. आमिर खान यांनी ‘सितारे जमीन पर’ कोणत्याही ओटीटीला न देता सहा आठवड्यांनी शंभर रुपये भाड्याने यूट्यूबवर ठेवला. बळ असलेल्याला नियम वाकवता येतो. छोट्या निर्मात्याला तो तंतोतंत पाळावा लागतो.

अवधी मिळाला, तर काय होते, याचेही पुरावे आहेत. विधु विनोद चोप्रा यांचा ‘ट्वेल्थ फेल’ 27 ऑक्टोबर 2023 रोजी ‘तेजस’सोबत प्रदर्शित झाला. पहिल्या दिवशी गाजावाजा लढाऊ विमानांचा होता. पण आठवड्याभरात विमाने उतरली आणि दिल्लीच्या मुखर्जीनगरात पिठाच्या गिरणीत राबत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मनोज टिकून राहिला. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला तो चित्रपट उत्तरार्धात थोडा पसरट वाटतो. मात्र मुलाखतीच्या प्रसंगात माझ्या मागच्या रांगेतील एक गृहस्थ स्वतःच परीक्षेला बसल्यासारखे पुटपुटत होते, ते विसरता येत नाही.

त्याहून बोलका पुरावा पुनर्प्रदर्शनांचा आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ 12 ऑक्टोबर 2018 रोजी आला, तेव्हा थोडक्यांनी पाहिला. कोकणातला तो संततधार पाऊस, तो वाडा आणि ती हाव यांची कीर्ती नंतर सहा वर्षे घराघरांतील लहान पडद्यांवरून पसरत राहिली. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा लागला आणि मूळ प्रदर्शनाहून अधिक कमाई करून गेला. ‘लैला मजनू’ आणि ‘सनम तेरी कसम’ यांचेही तसेच झाले. यातील दुसरा 2016 मध्ये पडला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तरुणांनी डोक्यावर घेतला. खरे सांगायचे, तर ‘सनम तेरी कसम’ मला तेव्हाही भडक वाटला होता आणि आजही वाटतो. परंतु ज्यांना तो हवा होता, त्यांना तो मिळण्यास नऊ वर्षे लागावीत, हे कोणत्याही व्यवसायाला भूषणावह नाही. फार मागे जायचे, तर 15 ऑगस्ट 1975 रोजी लागलेल्या ‘शोले’लाही पहिल्या काही दिवसांत अपयशी ठरवले गेले होते. तो उतरवला गेला नाही, म्हणून मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. मालेगावच्या नासिर शेख यांनी आपल्या पहिल्या चित्रपटासाठी विडंबनाला निवडला, तोही ‘शोले’च.

उपाय अवघड नाहीत. ज्या चित्रपटाची प्रेक्षकसंख्या सोमवारनंतर घटत नाही, त्याचा दिवसाकाठी एक खेळ, तोही सायंकाळचा, तीन आठवडे राखून ठेवता येईल. चित्रपटगृहांतून पूर्णतः उतरलेल्या चित्रपटाला छप्पन्न दिवसांची अट शिथिल करता येईल. वाटणीचा उतरता क्रम छोट्या चित्रपटांसाठी सपाट केला, तर निर्मात्यालाही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रस राहील. मराठी चित्रपटांना खेळ मिळण्याचा प्रश्न महाराष्ट्रात वर्षानुवर्षे गाजतो आहे. हिंदीतील छोट्या चित्रपटांचे दुखणे त्याहून फारसे वेगळे नाही, फक्त त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नाही.

‘सुपरबॉईज’ पाहून आल्यावर इंदूरच्या माझ्या मावसबहिणीला मी तो पाहण्यास सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यात तिचा दूरध्वनी आला, “दादा, कुठेच लागलेला नाही रे, आता कुठे पाहू?” मी म्हटले, एप्रिलअखेरपर्यंत थांब. तिने तो मे महिन्यात पाहिला, भ्रमणध्वनीवर, दोन रात्रींत विभागून. शेवटी शफीक आकाशात उडतो, तो प्रसंग तिला फार आवडला. एवढ्याशा पडद्यावर तो नीट दिसला नाही, असेही ती म्हणाली.