टाळ आधी, नाद नंतर
मोबाइलचं चित्रण, घरचं संपादन : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण पंख्याची घरघर कमी कशी करायची ते पाहिलं. आजचा दोष त्याहून जास्त छळणारा आहे : चित्र आणि आवाज यांची फारकत.

आषाढीला कुळगावात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कीर्तन झालं. फोन ट्रायपॉडवर लावून मी 40 मिनिटं सलग चित्रण केलं. फोनवर पाहिलं तर सगळं बिनचूक. संगणकावर संपादनाला घेतलं तेव्हा सुरुवात जुळत होती. शेवटच्या गजरात मात्र टाळ भिडलेले दिसत आणि नाद यायचा आठ सेकंदांनी. बुवांचे ओठ मिटलेले, गजर चालूच!

मी आवाजाचे तुकडे करून सरकवत बसलो. एक जागा जुळली की दुसरी बिघडायची, शिवाय ठेका तुटायचा. माझी चूक इथेच होती. आवाज बरोबर होता, चुकत होतं चित्र.

हॉलमध्ये उजेड बेताचा होता. प्रकाश कमी असला की बरेच फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतात, त्यामुळे सेकंदाला 30 ऐवजी कधी 28, कधी 24 फ्रेम्स भरतात. यालाच व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. आवाजाचे नमुने मात्र सेकंदाला 48,000 या ठरल्या गतीनंच नोंदले जातात. प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहिलेली असते आणि फोन ती पाळतो. संपादनाची काही सॉफ्टवेअर्स ती न पाहता फ्रेम्स समान अंतरानं मांडतात. माझ्या 2,400 सेकंदांत 72,000 फ्रेम्स हव्या होत्या, भरल्या 71,760. कमी पडलेल्या 240 फ्रेम्स म्हणजेच ते आठ सेकंद.

ही अडचण सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत. हात मंदावला की वेगही मंदावे आणि मूकपटात ते खपून जाई. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, तोवर बोलपटासाठी सेकंदाला 24 फ्रेम्स हा वेग रुळला होता. वेग हलला की सूर हलतो, म्हणून आवाजानं चित्राला शिस्त लावली.

आता निदान. चित्रणाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी टाळी वाजलेली जागा शोधा. तिन्हीकडे फरक सारखाच असेल, तर आवाजाची पट्टी एकदा सरकवली की काम झालं; ब्लूटूथ माइकमुळे असं होतं. फरक एकसारखा वाढत गेला आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल, तर दोन यंत्रांच्या घड्याळांत तफावत आहे. फरक कुठे वाढतो, कुठे थांबतो असं दिसलं, तर फाइल ‘मीडियाइन्फो’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ दिसलं, की संशय पक्का.

उपाय संपादनाआधी करायचा. ‘हँडब्रेक’ हेही मोफत आहे. त्यात व्हिडिओ विभागात फ्रेम रेट 30 निवडा आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’वर खूण करा. जिथे फ्रेम कमी आहे तिथे ते आधीची फ्रेम पुन्हा ठेवतं आणि प्रत्येक क्षण आपल्या जागी येतो. चित्राचा दर्जा किंचित उतरतो, म्हणून गुणवत्तेचा आकडा 18 च्या आसपास ठेवा. तिथे आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं. मूळ फाइल कधीही पुसू नका.

पुढच्या वेळी आधीच काळजी घ्या. भरपूर उजेड ठेवा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ बंद करा. सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा.

इतका काटेकोरपणा कशाला, असं वाटेल. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाला जाणवतो. मागे पडला तर 125 पर्यंत चालतो. लांबचा आवाज उशिरा पोचतो, याची कानाला जन्मापासून सवय असते. आठ सेकंदांची सवय मात्र कुणालाच नसते.

फाइल बदलून मी शेवटचा गजर पुन्हा लावला. टाळ भिडले, त्याच क्षणी नाद आला. सरकवलेले सगळे तुकडे मी पुसून टाकले.

पुढच्या आठवड्यात : दोन फोनवरचं चित्रण एकत्र कसं जुळवायचं.