आधी सीलंट, मग वॅक्स

गाडीच्या रंगावर सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. ऊन, पक्ष्यांची विष्ठा आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांचा पहिला मारा यालाच बसतो.

सीलंट : कृत्रिम पॉलिमरचे. क्लिअर कोटला घट्ट धरून राहते आणि काही महिने टिकते.

वॅक्स : उत्तम वॅक्समध्ये कार्नौबा हे मेण असते. ते ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते आणि सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. त्याने रंगाला खोल, ओलसर झळाळी येते, पण ती काही आठवड्यांत ओसरते.

क्रम : गाडी धुऊन क्ले बारने चिकटलेली घाण काढावी, गरज असल्यास पॉलिश करावे. मग सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना सीलंटचा पातळ हात द्यावा. धूसर साय धरली की मायक्रोफायबरने पुसून डब्यावरील सूचनेनुसार, बहुधा १२ ते २४ तास, मुरू द्यावे. वॅक्स त्यानंतर. उलट केल्यास वॅक्सच्या तेलकट थरावर सीलंट धरत नाही.

किती हात? : दुसरा हात पहिल्यात सुटलेल्या जागा झाकतो. त्यापुढे फारसा फायदा नाही, कारण जादा लेप पुसलाच जातो आणि नव्या हातातील द्रावक जुना थर काही अंशी विरघळवते.

खूण : धुतलेल्या बॉनेटवर पाण्याचे टपोरे थेंब न उभे राहता पाणी पसरू लागले, की नवा हात द्यावा.