वायरचा रंग आणि आप्ताचा शब्द

मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवायचा, याचं रोजच्या व्यवहारातलं उदाहरण द्या ना." तेव्हा आम्हाला चटकन काही सुचलं नाही. घरी गेलो, तर उदाहरण अंगणातच उभं होतं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या जुन्या फार्गो पिकअपचं वायरिंग मुळापासून काढून नवं बसवलं. आज त्याविषयी बोलू. गाडीत रस नसलेल्यांनी उठून जाऊ नये, आपण प्रमाणांपासून फार लांब जाणार नाही.

फार्गो हे नाव इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. १८८२ साली आपल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. अमेरिकेतल्या क्रायसलर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो या नावांच्या गाड्या तयार होऊ लागल्या. आमच्या वडिलांनी त्यातलीच एक पिकअप जुनी म्हणून घेतली. शेतावरचा माल, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्यात न्यायचा माणूस, सगळं तिच्या हौद्यातून गेलं.

आता प्रसंग सांगतो. मार्चमध्ये बार्शी रस्त्यानं रात्री येत होतो. मागे हौद्यात कडबा भरलेला. पुढे आम्ही आणि आमचा आठ वर्षांचा नातू. तो म्हणाला, "आजोबा, धूर येतोय." डॅशबोर्डखालून खरंच धूर येत होता. तीस वर्षं वर्गात आम्ही डोंगरावरचा धूर दाखवून अग्नीचं अनुमान शिकवलं, आणि त्या रात्री आमचं पहिलं वाक्य काय, तर "धूळ असेल रे." गाडी थांबवली, पोराला आधी खाली उतरवलं आणि बॅटरीचं टोक सोडवायला पाना शोधू लागलो. तो सीटखाली सापडेपर्यंतचा वेळ आम्ही जन्मात विसरणार नाही. कडबा पेटला नाही, एवढंच. पेटला असता तर आज इथे बोलायला उभे राहिलो नसतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या वायरिंग मिस्त्रींना बोलावलं. हे आपल्या पूर्व भागातले. वडील मागावर होते, यांनी गाड्यांचं वायरिंग धरलं. त्यांनी डॅशबोर्डखालचा जुडगा बाहेर ओढला आणि नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "सर, यात चार माणसांची हस्ताक्षरं आहेत."

शब्द बरोबर होता. मूळ वायरींवर सुती वेष्टण होतं, त्याचा हात लावताच भुगा होत होता. त्यावर कुणी प्लॅस्टिकची वायर जोडलेली, कुणी नुसता पीळ देऊन टेप मारलेली. हेडलाइटला निघालेली लाल वायर मध्येच हिरवी होऊन बाहेर पडत होती. त्या काळच्या क्रायसलर गाड्यांत बॅटरी ६ व्होल्टची असे आणि तिचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असे. पुढे कुणीतरी आमच्या गाडीला १२ व्होल्टची बॅटरी लावून मायनस टोक बॉडीला दिलं. पण अँपिअर मीटरच्या दोन वायरी उलटायच्या राहून गेल्या. त्यामुळे बॅटरी चार्ज होत असली की काटा डिस्चार्जकडे जायचा. साक्षीदार रोज साक्ष देत होता, पण उलटी.

इथे आपलं शब्दप्रमाण आलं. वायरचा रंग म्हणजे काय? ज्यानं ती बसवली त्यानं पुढच्या माणसाला सांगितलेला शब्द. "ही हॉर्नची, ही इंडिकेटरची." न्यायदर्शन म्हणतं, शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत आहे आणि जशी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनांनी तर स्पष्ट केलंय की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू आहे. म्हणजे पदवी आणि प्रतिष्ठा यांचा संबंध नाही. मिस्त्री आप्त असू शकतो आणि पीएच.डी. झालेला प्राध्यापक नसूही शकतो. हे दुसरं विधान आम्ही अनुभवानं करतोय. कसं, ते लगेच येईल.

रंगांवर विश्वास उरला नव्हता, म्हणून प्रत्येक वायर मीटर लावून तपासली. मग शॉर्ट शोधला, तो अन्वय-व्यतिरेकानं. सगळी जोडणी सुटी करायची. एकेक फाटा जोडायचा आणि दोष दिसतो का बघायचं, काढायचा आणि दोष जातो का बघायचं. मागच्या दिव्याचा फाटा जोडला की दोष यायचा, काढला की जायचा. गाडीखाली सरपटत गेलो. चॅसिसच्या भोकातून ती वायर नुसतीच ओवलेली, रबरी बुश नाही. पत्र्याच्या धारेवर घासून वेष्टण गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं.

पण मग फ्यूज का उडाला नाही? मिस्त्रींनी फ्यूज काढून आमच्या हातात ठेवला. त्याला चांदी गुंडाळलेली होती, सिगारेटच्या पाकिटातली. ती आम्हीच गुंडाळली होती. वीसेक वर्षांपूर्वी एका रात्री फ्यूज सारखा उडत होता, दुकानं बंद होती, आणि तेव्हा आम्ही सिगारेट ओढत होतो. "उद्या बदलू" म्हटलं आणि विसरलो. वायर तेव्हाच घासू लागली असणार. फ्यूज खरं सांगत होता, आम्ही त्याचं तोंड बंद केलं. इतकी वर्षं त्या चार हस्ताक्षरांना नावं ठेवत होतो, त्यातलं सर्वांत खोटं अक्षर आमचं निघालं.

फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो असतो वायरच्या रक्षणासाठी. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५ अँपिअरच्या जागी ५० अँपिअर वाहिले, तर उष्णता दहापट नाही, शंभरपट. आणि गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये काही शे अँपिअर सहज देते. फ्यूज वितळला नाही तर वायरच फ्यूज होते.

आता नवं वायरिंग कसं बसवलं ते क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट, बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक आधी सोडवायचं. तिथे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. मग जुना जुडगा कापून फेकायचा नाही. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधायची, फोटो काढायचे आणि तो अखंड बाहेर घ्यायचा. या गाडीचा तयार सेट आम्हाला मिळाला नाही, तेव्हा प्लायवूडवर जुना जुडगा पसरला, वळणावळणावर खिळे ठोकले आणि त्याच मार्गानं नव्या वायरी ओढल्या. मिस्त्री म्हणाले, "आमच्या वडिलांचं जेकार्डचं काम असंच. वर दोऱ्यांचा जुडगा असतो, एक दोरा चुकला की चादरीवरचं फूल चुकतं."

दुसरी गोष्ट, वायरची जाडी. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टला १० अँपिअर. १.५ चौरस मिलिमीटरच्या ४ मीटर तांब्याच्या वायरमध्ये एवढ्या प्रवाहाला साधारण ०.४६ व्होल्ट वाया जातात, २.५ चौरस मिलिमीटरला ०.२८. फरक किरकोळ वाटतो, पण बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून हेडलाइटला जाड वायर घेतली आणि मध्ये रिले बसवला, म्हणजे सगळा भार डॅशबोर्डच्या स्विचवर येत नाही. फ्यूज त्या त्या वायरला झेपेल त्याहून कमीचाच ठेवायचा.

तिसरी गोष्ट, अर्थिंग. गाडीत वीज वायरनं जाते आणि बॉडीतून परत येते. परतीच्या वाटेवर रंग किंवा गंज असेल, तर ती दुसऱ्याच एखाद्या दिव्यातून वाट काढते. इंडिकेटर लावला की मागचा दिवा मिणमिणतो, तो त्यामुळे. जागा खरवडून पत्रा चकचकीत करायचा, थिंबल लावून बोल्ट आवळायचा. पीळ देऊन टेप मारणं बंद. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी बुश.

शेवटची गोष्ट, पहिल्यांदा बॅटरी थेट जोडायची नाही. बॅटरीचं टोक आणि बॉडीची केबल यांच्या मध्ये २१ वॅटचा बल्ब घालायचा. सगळे स्विच बंद असताना तो पूर्ण पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तरीही वायर जळत नाही, कारण त्या बल्बमधून २ अँपिअरच्या आतच वीज जाते. आमचा बल्ब पेटला नाही. नातू शेजारी उभा होता. त्यानं विचारलं, "पेटला नाही, म्हणजे बिघडलंय का?" आम्ही म्हटलं, "नाही रे, यालाच बरोबर म्हणायचं."

काम संपल्यावर एका कागदावर पूर्ण आकृती काढली. रंग, जाडी, कुठला फ्यूज किती अँपिअरचा, सगळं लिहिलं. एके ठिकाणी निळी वायर संपली म्हणून पिवळी जोडावी लागली, तेही लिहिलं. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. त्याच्याबरोबर फ्यूजची डबी आणि एक पाना.

त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. दुसऱ्याचा शब्द कधी मानायचा हा प्रश्न निम्माच आहे. आपण मागे ठेवलेला शब्द कुणीतरी मानणार आहे, हा उरलेला निम्मा. ही गाडी आमच्यानंतर कोण उघडेल, माहीत नाही. कदाचित नातू उघडेल, कदाचित कुणी अनोळखी मिस्त्री. रात्रीची वेळ असेल, हातात बॅटरी धरून तो ती लाल वायर बघेल आणि तिच्यावर विश्वास ठेवेल. तेव्हा ती खरी असली पाहिजे.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर घरी गेल्यावर फ्यूजचं झाकण उघडून बघा. चांदी दिसली तर आजच काढा, उद्यावर टाकू नका. पुढच्या व्याख्यानात उपमान घेऊ.