बर्फावरील तिसरी आणि चौथी

बर्फाचें नांव काढतांच ज्यांच्या अंगावर कांटा उभा राहतो, अशा पुणेकरांपैकीं आम्ही एक आहों. तेव्हां बर्फावरचा खेळ पाहण्यासाठीं पदरचे पैसे मोजून आम्ही तीन दिवस एका थंडगार सभागृहांत जाऊन बसलों होतों, असें सांगितल्यास आमच्या ओळखीच्या मंडळींस तें खरें वाटणार नाहीं. पण तसें घडलें खरें. आणि त्या तीन दिवसांत जें पाहिलें त्यानें आमच्या घरांतील एका जुन्या गोष्टीचा धागा असा कांहीं ओढला, कीं दहाबारा वर्षें लोटल्यावरहि ती हकीकत वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

२०१४ च्या जानेवारींत आम्ही उभयतां बोस्टनजवळ राहणाऱ्या आमच्या कन्येकडे गेलों होतों. तिची दहा वर्षांची मुलगी, म्हणजे आमची नात, फिगर स्केटिंग शिकत होती. पोलादी पातें लावलेले बूट घालून गुळगुळीत बर्फावरून संगीताच्या ठेक्यांत घसरत जाणें, गिरक्या घेणें, उड्या मारणें, असा हा खेळ. अर्धा व्यायाम आणि अर्धें नृत्य. पोर पहांटे पांचला उठे, शाळेपूर्वीं तासभर बर्फावर आपटे आणि गुडघ्यांवर निळे डाग घेऊन घरीं येई. अमेरिकेंत या खेळांत सोनें, रुपें व कांसें यांच्या खालीं चौथ्या क्रमांकासहि कथिलाचें पदक देण्याची चाल आहे. तसलें एक पदक तिला त्या हिवाळ्यांतील एका लहानशा स्पर्धेंत मिळालें होतें, आणि तें तिनें रडत रडत कपाटाच्या तळाशीं फेकून दिलें होतें.

त्यावरून घरांत खल सुरू झाला. शिकवणीचा खर्च, अभ्यासाचा खोळंबा, हाडांची काळजी! आमचें मत स्पष्ट होतें. चौथ्या क्रमांकासाठीं एवढा आटापिटा कशास? बंद करावें. आमची कन्या कांहीं बोलली नाहीं. जांवई मात्र म्हणाले, “यंदा राष्ट्रीय स्पर्धा आपल्याच गांवीं आहे. ती एकदां सर्वांनीं मिळून पाहूं, मग काय तें ठरवूं.” म्हणजे आम्ही तेथें गेलों ते प्रेक्षक म्हणून नव्हे, तर मनांत निकाल आधींच लिहून ठेवलेले न्यायाधीश म्हणून.

अमेरिकेची ही राष्ट्रीय स्पर्धा प्रथम १९१४ सालीं न्यू हेवन या गांवीं भरली. म्हणजे बोस्टन येथील स्पर्धेस शंभर वर्षांची परंपरा होती. ती भरली होती ‘टीडी गार्डन’ या प्रचंड सभागृहांत. नॉर्थ स्टेशन हें रेल्वेचें स्थानक त्याच्या पायथ्याशींच आहे. गाडींतून उतरावें, जिने चढावे आणि एकदम शुभ्र बर्फाच्या अंगणासमोर यावें. अंगण तरी केवढें? लांबी दोनशें फूट, रुंदी पंचाऐंशी फूट. छताला बास्केटबॉलच्या व हॉकीच्या जुन्या विजयांच्या पताका लोंबत होत्या. आमच्या सौभाग्यवतींनीं कोटावर शाल, शालीवर लोकरी गळपट्टा असा बंदोबस्त केला होता; तरी बर्फावरून येणारा गारवा पायांतून वर चढतच होता.

खेळ नुसता पाहिला तर सोपा वाटतो, हीच त्यांतील खुबी आहे. नातीनें आम्हांस तो समजावून दिला. स्केटचें पातें तळाशीं सपाट नसतें. मधोमध पन्हळ असून दोहों बाजूंस दोन धारा असतात. सारी कला या धारांवर तोलून राहण्यांत आहे. उड्या मुख्यतः सहा प्रकारच्या. त्यांपैकीं पांच प्रकारांत पाठमोरें जात असतां उडावयाचें. एक ‘ॲक्सेल’ तेवढी समोर तोंड करून मारावयाची. उतरावयाचें मात्र नेहमींच पाठमोरें. म्हणून ॲक्सेलमध्यें अर्धा फेरा अधिक पडतो, आणि तिहेरी ॲक्सेल म्हणजे हवेंत साडेतीन फेरे. हें सर्व एका सेकंदाहूनहि कमी वेळांत. आणि उतरतांना साऱ्या देहाचा भार एका पायाच्या एका धारेवर.

गुणांचाहि हिशेब काटेकोर आहे. पूर्वीं सहांपैकीं गुण देत. २००२ सालच्या सॉल्ट लेक सिटी येथील ऑलिंपिकांत परीक्षकांच्या पक्षपाताचा बोभाटा झाला, तेव्हांपासून ती रीत मोडली. आतां प्रत्येक उडीस व गिरकीस ठराविक मोल असतें, त्यांत परीक्षक आपल्या मताप्रमाणें भर घालतात किंवा घट करतात, आणि पडल्यास गुण कापले जातात. खेळ संपला कीं खेळाडू आपल्या गुरूसह एका बांकावर बसून आंकड्यांची वाट पाहते. त्या जागेस ‘किस अँड क्राय’ असें नांव आहे. मुके घेण्याची व रडण्याची जागा! नांव थट्टेचें वाटतें, पण आम्हीं तेथें दोन्ही गोष्टी पाहिल्या.

स्त्रियांच्या स्पर्धेचा निर्णायक भाग शनिवारीं, ११ जानेवारीस, रात्रीं होता. चार मिनिटांचा खेळ. महिन्यावर रशियांत सोची येथें ऑलिंपिक होतें, आणि अमेरिकेच्या स्त्रियांना तेथें तीन जागा होत्या. ग्रेसी गोल्ड या तरुणीनें २११.६९ गुण मिळवून पहिलें स्थान घेतलें. दुसरी आली पोलिना एडमंड्स, अवघी पंधरा वर्षांची. तिसरी मिराई नागासू. ही वीस वर्षांची. आईबाप जपानहून आलेले, कॅलिफोर्नियांत खानावळ चालविणारे. २००८ सालीं चौदाव्या वर्षीं हिनें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें होतें आणि पुढें तिच्या खेळास ओहोटी लागली होती. त्या रात्रीं ती पुन्हां उभी राहिली.

आणि ॲशली वॅग्नर? २०१२ व २०१३ अशीं लागोपाठ दोन वर्षें जी देशांत पहिली आलेली, ती त्या रात्रीं दोनदां पडली. बर्फावर माणूस पडतो तेव्हां हजारों लोक एकदम श्वास ओढतात. तो आवाज एकदां ऐकला कीं विसरत नाहीं. ती उठली, नाच पुरा केला, आणि चौथी आली. नागासूस १९०.७४ गुण, वॅग्नरला १८२.७४. बरोबर आठ गुणांचें अंतर. आमची नात उभी राहून टाळ्या वाजवीत होती. तिसरी जाणार, चौथी राहणार, हें तिच्या दृष्टीनें सूर्यप्रकाशाइतकें स्वच्छ होतें.

दुसऱ्या दिवशीं निवड जाहीर झाली. गोल्ड, एडमंड्स आणि वॅग्नर. तिसरीस वगळून चौथीस घेतलें.

नियमाविरुद्ध कांहींच झालें नव्हतें. निवड करणाऱ्या समितीस केवळ त्या रात्रीचा नव्हे तर मागील वर्षभराचा खेळ पाहण्याचा अधिकार होता. वॅग्नर आदल्या वर्षीं जागतिक स्पर्धेंत पांचवी आली होती. तिच्या व सहाव्या आलेल्या गोल्डच्या क्रमांकांमुळेंच तर देशास तीन जागा मिळाल्या होत्या! शिवाय डिसेंबरांत जगांतील निवडक सहा जणींच्या स्पर्धेंत ती तिसरी आली होती. पूर्वींहि क्रमांक डावलून निवड झालेली आहे. पण ती एखादी खेळाडू दुखापतीमुळें स्पर्धेस मुकली म्हणून. धडधाकट उतरून चौथ्या क्रमांकावर आलेलीस अशी जागा मिळाली, याचाच लोकांस अचंबा वाटला. आणि यांतली गंमत, गंमत कसली, दैवाची खोड म्हणा, अशी कीं चार वर्षांपूर्वीं २०१० सालीं याच दोघी दुसऱ्या व तिसऱ्या आल्या होत्या. तेव्हां जागा दोनच होत्या. नागासू गेली, आणि वॅग्नर घरीं राहिली.

रविवारीं दुपारीं पुरुषांचा सामना झाला. त्यांत जेसन ब्राऊन या एकोणीस वर्षांच्या मुलानें आयरिश संगीतावर असा नाच केला कीं सारें सभागृह उठून उभें राहिलें. त्याच्या मानेवर केसांचा झुबका बांधलेला होता, तो पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “आपल्याकडच्या मुलांनीं शेंडी सोडली, ती इथें येऊन राहिली वाटतें!” आम्ही हंसलों. नात हंसली नाहीं.

सायंकाळीं विजेत्यांचें प्रदर्शन होतें. स्पर्धा संपलेली, आतां गुण नाहींत, परीक्षक नाहींत, केवळ प्रेक्षकांच्या आनंदासाठीं खेळावयाचें. नागासू त्यांत उतरली. निवडीचा निर्णय तिला पटला नव्हता, पण तो तिनें जाहीरपणें मान्य केला होता. त्या सायंकाळीं तिचे अश्रू लपले नाहींत. सभागृहानें जो गजर केला तो विजेत्यांच्या वांट्यासहि क्वचितच येतो.

परततांना गाडींत नातीनें विचारलें, “आबा, तीन हे चाराच्या आधीं येतात ना?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें कां, हें गाडींत कोणासहि ठाऊक नव्हतें.

१९६० सालची गोष्ट. वाईस आमचा वाडा, खटलें एकत्र, आजोबांच्या शब्दावर घर चालावयाचें. आम्ही व आमचे चुलत बंधु अण्णा एकाच वर्षीं मॅट्रिकच्या परीक्षेस बसलों. कॉलेजासाठीं पुण्यास एकालाच पाठविण्यापुरता पैसा घरांत होता. शाळेंत अकरा वर्षें आमचा क्रमांक वरचा; पण ऐन परीक्षेंत आमचा धीर सुटला, आणि गुण अण्णाला अधिक पडले. आजोबांनीं दोघांनाहि समोर बसविलें व आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “परीक्षा आठ दिवसांची. याला आम्हीं अकरा वर्षें पाहिला आहे. हा जाईल.” अण्णा साताऱ्यास एका पेढींत कारकून झाला. पुढें नोकरी व प्रपंच सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन, तो पदवीधर झाला तेव्हां त्याची तिशी उलटली होती. त्याविषयीं तो कधीं चकार शब्द बोलला नाहीं. आणि आम्हींहि कधीं विचारलें नाहीं. म्हणजे गाडींतल्या त्या प्रश्नांतली चौथी ती आम्हीच होतों!

आजोबांचा निर्णय चुकीचा होता, असें आम्हांस आजहि म्हणवत नाहीं. समितीचा निर्णयहि अगदींच निराधार नव्हता. वॅग्नर सोची येथें सातवी आली, संघासाठीं असलेलें कांस्यपदक तिच्या हातीं आलें. आणि २०१६ सालीं जागतिक स्पर्धा बोस्टनच्या त्याच सभागृहांत भरली तेव्हां, ज्या बर्फावर ती दोनदां पडली होती तेथेंच तिनें रौप्यपदक मिळविलें. अमेरिकेच्या एखाद्या स्त्रीस त्या स्पर्धेंत पदक मिळून दहा वर्षें झालीं होतीं.

पण वगळलेलीचें काय? ती घरीं बसली नाहीं. विशी उलटल्यावर, ज्या वयांत या खेळांतल्या मुली निवृत्त होतात, त्या वयांत तिनें तिहेरी ॲक्सेल शिकण्यास आरंभ केला. २०१८ सालीं सॅन होजे येथील राष्ट्रीय स्पर्धेंत ती दुसरी आली व तिची निवड झाली. त्या वर्षीं चौथी कोण आली असेल? वॅग्नरच. या खेपेस चौथीस कोणी नेलें नाहीं. पुढल्या महिन्यांत कोरियांत प्यॉंगचांग येथील ऑलिंपिकांत नागासूनें ती साडेतीन फेऱ्यांची उडी घेतली व धारेवर स्वच्छ उतरली. ऑलिंपिकांत ती साधणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. जगांत तिच्यापूर्वीं दोघीच, दोन्ही जपानच्या.

तें दृश्य आम्हीं पुण्यास घरीं दूरदर्शन-संचावर पाहिलें. बोस्टनहून नातीचा फोन आला. ती आतां चौदा वर्षांची झाली होती आणि अद्याप पहांटे पांचला उठत होती, कारण २०१४ च्या त्या रविवारीं रात्रींच आम्हीं आमचें मत मागें घेतलें होतें. ती फोनवर नुसती ओरडत होती. तिचें बोलणें संपल्यावर आम्हीं साताऱ्यास अण्णाला फोन लावला. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर विचारलें, “अण्णा, त्या वेळीं तुला राग आला होता का रे?”

बराच वेळ तो बोलला नाहीं. मग म्हणाला, “आला होता. आजोबांचा नव्हे. तूं पुण्याहून सुटींत यायचास, कॉलेजांतलें सगळें सांगायचास, आणि हें एवढें विचारायचा नाहींस, त्याचा.”

घर म्हटलें कीं निवड आली. ताटें तीन आणि मुलें चार, असा प्रसंग वडीलधाऱ्यांवर कधीं ना कधीं येतोच. आणि एका दिवसाच्या गुणांवर निकाल द्यावा कीं अनेक वर्षांच्या ओळखीवर, हा प्रश्न कोणत्याहि समितीस सुटलेला नाहीं, तो आपणांस सुटेल अशी आशा नको. परंतु ज्याची निवड झाली त्याच्याकडे वगळलेल्याचें कांहीं देणें उरतें. तें जागा परत देऊन फिटत नाहीं. जागा परत देतां येतच नाहीं. जवळ जाऊन विचारलें तर मात्र थोडेंफार फिटतें. आम्हांस त्यासाठीं अठ्ठावन्न वर्षें आणि परक्या देशांतला बर्फ लागला. वाचकांनीं एवढा विलंब लावूं नये.

नातीनें तें कथिलाचें पदक कपाटाच्या तळाहून केव्हांच बाहेर काढलें आहे. तें तिच्या मेजावरच्या भिंतीवर, इतर पदकांच्या रांगेंत, चौथ्या खिळ्यावर टांगलेलें असतें.